माड उभा राहीपर्यंत

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर ते एकशे वीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने रायगडच्या दक्षिण भागाबरोबरच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड आणि दापोली हे दोन तालुके अक्षरशः पिंजून काढले. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे ही नावे एरवी पर्यटकांच्या तोंडी असतात. त्या दिवशी सायंकाळी तेथे कौलांचा खच, पत्र्यांची भेंडोळी आणि आडव्या झालेल्या पोफळींच्या रांगा यांखेरीज दुसरे काही दिसत नव्हते. रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर तर एक मोठे जहाजच येऊन रुतले.

प्राणहानी मात्र फार कमी झाली. हवामान खात्याने वेळेवर इशारा दिला, प्रशासनाने किनाऱ्यावरील कुटुंबे हलविली, मच्छीमारांना परत बोलावले. याचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. १९९९ साली ओडिशात महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे गिळली होती. त्याच ओडिशाने २०१३ च्या ‘फायलिन’ वादळाच्या वेळी लाखो लोकांना आधीच सुरक्षित स्थळी नेऊन मृत्यूचा आकडा काही डझनांवर आणला. वादळात माणूस कसा वाचवायचा, हे या देशाला आता पुष्कळसे साधले आहे. वाचलेल्या माणसाने पुढे जगायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून शासनाजवळ नाही आणि, स्पष्टच बोलायचे तर, सेवेचे व्रत घेतलेल्या संस्थांजवळही पुरतेपणी नाही. वादळाला पाच वर्षे उलटून गेल्यावर तरी या प्रश्नाकडे सरळ नजरेने पाहिले पाहिजे.

पन्नास रुपयांची पोफळ

वादळानंतर तत्कालीन राज्य शासनाने रत्नागिरी जिल्ह्यासाठी ७५ कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर केली. पूर्ण पडलेल्या घरासाठीची रक्कम प्रचलित ९५,१०० रुपयांवरून दीड लाख करण्यात आली, बागायतीची भरपाई हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार झाली. वृत्तपत्रांत हे आकडे भरघोस दिसले. पण कोकणातील जमिनीचे मोजमाप ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यातील पोकळपणा लगेच जाणवला असेल. देशावरचा शेतकरी एकरांत बोलतो, किनाऱ्यावरचा बागायतदार गुंठ्यांत. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला जेमतेम पाचशे रुपये. दहा गुंठ्यांचे आगर साफ आडवे झालेल्या कुटुंबाच्या वाट्याला या हिशेबाने पाच हजार रुपये येतात. पडलेली झाडे तोडून आगराबाहेर काढण्याची मजुरीही एवढ्यात भागत नाही.

ओरड झाली, तेव्हा हिशेब झाडांवर आला. नारळाच्या एका झाडाला २५० रुपये, पोफळीच्या एका झाडाला ५० रुपये. समजा, त्याच दहा गुंठ्यांत पंधरा माड आणि शंभर पोफळी होत्या. सगळ्या गेल्या, तर भरपाई ८,७५० रुपये. चांगला बाणवली माड वर्षाला सत्तर-ऐंशी नारळ देतो आणि साठ-सत्तर वर्षे देत राहतो. आजोबाने लावावा आणि नातवाने खावा, असे हे झाड. त्याच्या एका वर्षाच्या उत्पन्नाची बरोबरीही २५० रुपये करू शकत नाहीत. नवे रोप लावल्यापासून माड किंवा पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. ती सहा-सात वर्षे त्या घराने काय खायचे, याचा रकाना कोणत्याही पंचनाम्यात नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गैर नाही. शासनाची तिजोरी काही अक्षय नाही. आपत्ती निवारणाचे निकष देशपातळीवर ठरतात, आणि ते ‘भरपाई’साठी नसून तातडीच्या आधारासाठी आहेत. वाढीव दर देणाऱ्या शासनालाच दोष देणे अन्यायाचे नाही काय? दोष एका पक्षाच्या वा एका मंत्रिमंडळाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने काही साधणार नाही. आज या पक्षाचे सरकार असेल, उद्या त्या पक्षाचे. निकष तेच राहतात, कारण ते आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एका हंगामाचे पीक असते. भात वाहून गेले तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भात लावता येते. माड गेला तर एक पिढी जाते. हा भेद ज्या दिवशी निकषांत उतरेल, त्या दिवशी शासनाला शाबासकी देऊ इच्छिणाऱ्यांनी जरूर द्यावी. तोवर शासन जेथे थांबते, तेथून समाजाचे काम सुरू होते. प्रश्न आहे तो हा की, समाज तेथे उभा होता काय?

मदतीचा महापूर आणि ओहोटी

उभा होता, हे मान्यच केले पाहिजे. टाळेबंदीचे दिवस होते. मुंबईहून परतलेले चाकरमानी घराघरांत होते, वाहतूक ठप्प होती, वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. अशा स्थितीत अनेक संस्था, मंडळे आणि स्वयंसेवक ताडपत्री, शिधा, मेणबत्त्या, सौरदिवे घेऊन पोहोचले. साथीचे भय असतानाही तरुणांनी करवती-कुऱ्हाडी घेऊन रस्त्यांवरची झाडे हटविली, वृद्धांच्या घरांवर पत्रे चढविले. त्या श्रमांचे मोल कमी लेखण्याचे पाप कोणी करू नये.

पण त्यानंतर काय झाले, तेही सांगितले पाहिजे. जूनमध्ये मदतीची भरती होती. श्रावण येईतो ओहोटी लागली आणि दिवाळीपर्यंत किनारा कोरडा पडला. जेथे रस्ता चांगला, तेथे तीन-तीन संस्थांचे शिध्याचे संच पोहोचले. डोंगराआडच्या वाडीवर एकही नाही. ताडपत्रीवर संस्थेचे नाव ठळक छापलेले असे. तीच ताडपत्री पुढच्या उन्हाळ्यात विरून गेली, तेव्हा ते नावही गेले आणि संस्थाही.

पुढच्याच वर्षी १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत सरकत गुजरातकडे गेले. वर्षभरापूर्वी उसनवारीने घातलेली छपरे पुन्हा उघडी पडली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठी आणि शिव या नद्यांनी चिपळूण बुडविले. साहजिकच साऱ्या महाराष्ट्राचा ओघ चिपळूणकडे वळला. तो वळायलाच हवा होता. पण दापोली-मंडणगडची आगरे मात्र कोणाच्याच यादीत उरली नाहीत. एका आपत्तीची मदत दुसरी आपत्ती खाऊन टाकते. प्रसारमाध्यमांचे कॅमेरे पुढे सरकले की दात्यांचे मनही पुढे सरकते. कोकणी माणूस हात पसरत नाही, मोर्चे काढत नाही, आपले दुःख चारचौघांत मांडत नाही. त्याच्या या स्वाभिमानाचे कौतुक भाषणांतून पुष्कळ होते. व्यवहारात मात्र त्याला त्या स्वाभिमानाची शिक्षाच मिळते.

छप्पर म्हणजे घर नव्हे

किनाऱ्यावरचे घर हे नुसते राहण्याचे ठिकाण नसते. त्याची पडवी म्हणजे नारळ सोलण्याची जागा, खळे म्हणजे सुपारी वाळविण्याची, माळा म्हणजे वर्षाची बेगमी ठेवण्याची. मागच्या दारी गोठा, पुढे आगर, आगरात माड-पोफळींच्या सावलीत जायफळ, मिरी, केळी. अलीकडे याच घरांतील एक-दोन खोल्या पर्यटकांसाठी सजल्या आणि घरातील गृहिणीच्या हाताला स्वतःचा पैसा मिळू लागला.

मंडणगड तालुक्यातील वेळास हे याचे बोलके उदाहरण. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने तेथे २००२ पासून समुद्री कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. कासवांची अंडी राखता राखता गावात कासव महोत्सव रुजला, पाहुणे घरोघरी उतरू लागले, सुगरणींच्या स्वयंपाकाला गिऱ्हाईक मिळाले. संस्था एका हंगामासाठी येऊन गेली असती, तर यातले काहीही घडले नसते. वर्षामागून वर्षे गावकऱ्यांबरोबर काढल्याने ते घडले. अशा गावावर वादळ येते, तेव्हा छपराबरोबर व्यवसाय पडतो, आगराबरोबर पाहुण्यांना दाखविण्याचे कोकणही पडते. शासनाच्या दीड लाखांत पाया आणि भिंतींपलीकडे फारसे काही होत नाही, आणि संस्थेच्या वीस पत्र्यांत त्या घराची मिळकत परत येत नाही. म्हणूनच ‘किती घरांवर छप्पर घातले’ या प्रश्नाबरोबर ‘त्यातील किती घरांत चूल स्वतःच्या कमाईवर पेटली’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. वार्षिक अहवालांत पहिला आकडा असतो, दुसरा शोधूनही सापडत नाही.

कागदाचे वादळ

वाऱ्याच्या वादळानंतर कागदाचे वादळ येते. सातबारा सामाईक, त्यावर पणजोबाचे नाव, वारस बारा आणि त्यांतले नऊ मुंबई, ठाणे, पुण्यात. प्रत्यक्ष आगर शिंपणारा गावात राहिलेला एकटा. भरपाईची रक्कम कोणाच्या खात्यात जमा करायची? इतरांची संमतिपत्रे आणा, वारसनोंद करून आणा, असे सांगितले जाते. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक ही माणसे वाईट नसतात, पण एकेकाच्या अंगावर चार-चार गावे असतात. ज्याला नेमका कागद नेमक्या दिवशी देता येतो, त्याचे काम होते. दुसऱ्याच्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कूळ, गावकुसाबाहेरची कातकरी वाडी, दुसऱ्याच्या होडीवर राबणारा खलाशी यांच्याजवळ तर दाखवायला कागदच नसतो. वाऱ्याने मालक पाहिला नाही की जात पाहिली नाही. पंचनाम्याने मात्र नोंद नेमकी पाहिली.

या ठिकाणी रत्नागिरीत जन्मलेल्या एका थोर पुरुषाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक सभेच्या वतीने एक वेगळेच काम केले. इंग्रज सरकारच्याच दुष्काळ संहितेत रयतेला कोणते हक्क आहेत, हे मराठीत छापून त्यांनी माणसे गावोगाव धाडली. सूट मागा, काम मागा, ते तुमच्या हक्काचे आहे, हे शेतकऱ्याला समजावून सांगितले. धान्य वाटणे हे पुण्याचे काम खरेच, पण रयतेला तिच्या हक्काची जाण देणे हेही तितकेच मोठे सेवाकार्य आहे, हे लोकमान्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. आजच्या किती सेवासंस्था आपत्तीनंतर गावात एक टेबल मांडून अर्ज लिहून देतात, वारसनोंदीसाठी तहसील कचेरीत सोबत जातात, मुंबईतल्या नऊ वारसांच्या घरी जाऊन संमतीच्या सह्या आणतात? या कामाला पैसा लागत नाही, छायाचित्रही निघत नाही. बहुधा म्हणूनच ते होत नाही.

सेवेची मोजपट्टी

हे होऊ शकत नाही, असे म्हणण्याची सोय नाही. १९७२ च्या भीषण दुष्काळात संघाची जनकल्याण समिती उभी राहिली. दुष्काळ संपला, समिती संपली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मदतीला धावून जाणाऱ्यांची संख्या मोठी होती, पण ढिगारे उपसून झाल्यावर अनाथ झालेल्या, विस्कटलेल्या घरांतील मुलांचे काय, हा विचार करून लातूरजवळ हरंगुळ येथे निवासी विद्यालय उभे करणारे हात थोडे होते. पंचवीस-तीस वर्षांनंतर भूकंपाच्या वेळच्या शिध्याच्या पोत्यांची संख्या कोणाला आठवत नाही. हरंगुळची शाळा आठवते. सेवेची मोजपट्टी ही आहे. आणि तीच मोजपट्टी किनाऱ्याला लावली, तर कार्यकर्त्यांनीही स्वतःला प्रश्न विचारला पाहिजे. जून २०२० मध्ये ज्या घरात पत्रे पोहोचविले, त्या घराचा उंबरठा त्यानंतर किती वेळा ओलांडला? तेथे लावलेली रोपे जगली काय? हा प्रश्न दुसऱ्या संस्थांना विचारण्याचा अधिकार, तो आधी स्वतःला विचारल्यानेच मिळतो.

याचे उत्तर बाहेरून आणण्याचीही गरज नाही. ते मुरूडच्या मातीतच आहे. दापोली तालुक्यातील याच मुरूडचे धोंडो केशव कर्वे पुढे महर्षी आणि भारतरत्न झाले. त्यांनी १८८६ साली, स्त्रीशिक्षणाच्या कार्याला हात घालण्यापूर्वीच, ‘मुरूड फंड’ सुरू केला. पोटासाठी गाव सोडून गेलेल्या मुरूडकरांनी आपल्या कमाईतील लहानसा अंश नियमाने गावाच्या कामासाठी द्यावा, एवढीच कल्पना. मोठी देणगी नाही, समारंभ नाही. थोडे, पण नियमाने आणि दीर्घकाळ. ज्या मुरूडमध्ये हा फंड जन्मला, त्याच मुरूडची आगरे २०२० मध्ये आडवी झाली. मुंबईत आजही गावागावांची ग्रामस्थ मंडळे आहेत. गणपतीला आणि शिमग्याला त्यांच्या वर्गण्या उत्साहाने जमतात. त्या वर्गणीच्या शेजारी कर्व्यांच्या फंडाची एक वही उघडायला काय हरकत आहे?

सात वर्षांचा संकल्प

म्हणून मागणे अगदी साधे आहे. वादळानंतर गावात जाणाऱ्या संस्थेने पहिल्याच दिवशी सात वर्षांचा संकल्प करावा. तेवढा पैसा नसेल, तर गावे कमी घ्यावीत. शंभर गावांत एक-एक संच वाटण्यापेक्षा दोन वाड्या पत्कराव्यात. पहिल्या वर्षी छप्पर आणि कागद. छप्पर घालताना वासे भिंतीला नीट जखडलेले आहेत, पत्र्याचे आकडे पुरेसे आहेत, हे पाहावे, नाहीतर दिलेला पत्राच पुढच्या वादळात शेजाऱ्याच्या अंगावर जातो. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत आगर साफ करून रोपे. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे, श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे. चांगल्या जातीची रोपे आणि जाणकारांचा सल्ला हाताच्या अंतरावर असताना, रस्त्याकडेला मिळेल ते रोप लावून सात वर्षांनी कपाळावर हात मारण्याची वेळ का यावी? मधल्या वर्षांत केळी, भाजीपाला, मसाल्याची आंतरपिके, पाहुण्यांसाठीची खोली, मुलांचे शिक्षण. नारळ विकास मंडळाची नारळझाड विमा योजना आहे, तिची माहिती किती आगरांपर्यंत पोहोचली? प्रत्येक घराची एक वही असावी आणि दर पावसाळ्याआधी तिच्यात एक नोंद व्हावी. सातव्या वर्षी पहिली पोफळ धरली, की त्या वहीवर शेवटची ओळ लिहावी.

काही जण म्हणतील, इतकी वर्षे मदत केली की माणसे पंगू होतात. नारळाच्या रोपाला काठीचा आधार दिल्याने माड पंगू झाल्याचे कोकणात कोणी पाहिलेले नाही. पंगू करते ती फुकट वाटलेली, न मागितलेली, पुन्हा न विचारलेली वस्तू. सोबत कोणालाही पंगू करत नाही.

आणि हे सारे केले नाही तर काय होईल, तेही डोळ्यांसमोर आहे. आगर पडले की घरातला एकुलता तरुण मुंबईची गाडी पकडतो. वृद्ध आईवडील काही वर्षे दिवा लावतात. मग दाराला कुलूप लागते, कौले ढासळतात, आणि एके दिवशी दलाल येऊन समुद्राकाठच्या त्या दहा गुंठ्यांची बोली लावतो. भरपाईच्या ८,७५० रुपयांपुढे त्याचा आकडा डोळे दिपविणारा असतो. विकणाऱ्याला बोल लावण्याचा अधिकार त्या वेळी कोणालाही उरत नाही. कोकणची भूमी परक्या हातात जाते, अशी हळहळ व्यासपीठांवरून नेहमी व्यक्त होते. ती भूमी खरेदीखताच्या दिवशी जात नाही. ती त्याच्या कितीतरी आधी, वादळानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, जेव्हा त्या घराकडे कोणी फिरकत नाही, तेव्हाच गेलेली असते.

२०२० च्या पावसाळ्यात ज्यांनी जिद्दीने रोपे लावली, त्यांची आगरे आता धरण्याच्या बेतात आहेत. ज्यांना लावता आली नाहीत, त्यांच्या आगरात रान माजले आहे. गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाडीतील अशी दोन आगरे शोधावीत, त्यांच्या मालकाशी पडवीत बसून चार गोष्टी बोलाव्यात आणि परतताना वहीत त्यांचे नाव लिहून आणावे. पुढचे वादळ कधी येईल, ते हवामान खाते सांगेल. मागच्या वादळाचे काम अजून संपलेले नाही, एवढे मात्र त्या दोन आगरांकडे पाहिले की कोणाच्याही ध्यानात येईल.